तग

माझ्या नकाशात घणसोली म्हणजे एक ठिपका,
क्रमांक एकशे सतरा.
उपकेंद्रं लाल, पंपघरं निळी, मोबाइलचे मनोरे करडे,
आणि मधल्या रेघा म्हणजे
कोण कोणाच्या जिवावर जगतं, ते.
पाणी विजेच्या. वीज निरोपाच्या.
निरोप पुन्हा विजेच्याच.
चार वर्षं मी या रेघा एकेक करून तोडते आहे,
संगणकावर, रात्री, चहा निवत ठेवून,
आणि मोजते आहे किती शहर उरतं.

विद्यापीठाला दोन पानं सारांश मराठीत हवा.
लवचिकता लिहिलं, खोडलं. ती वेताची, कमरेची.
पुनःस्थापनक्षमता लिहिलं,
तर माझीच जीभ अडखळून पडली
आणि पुन्हा उठली नाही.

ऑक्टोबरात महाप्याला कुणाच्या तरी जेसीबीनं केबल उचकटली.
रात्री बारा वाजून दहा मिनिटं.
माझ्या हिशोबाप्रमाणे
पंप तत्काळ थंड,
दोनला मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपणार,
साडेचारला टाकी कोरडी,
सहाला डायलिसिस केंद्राचं शटर उघडणार
आणि नळातून नुसती हवा.

सगळं तसंच घडलं. दोनपर्यंत.
खोटं कशाला बोलू, मी खूश होते.
अंधाऱ्या बाल्कनीत उभी राहून
फोनवरचे सिग्नलचे दांडे एकेक गळताना पाहत होते,
माझं गणित एका अख्ख्या शहरावर
खरं होताना.

पण टाकी साडेचारला कोरडी झाली नाही.
सहालाही नाही.

तीन आठवडे चूक शोधली. सूत्रांत, आकड्यांत,
कंसांच्या आत, कंसांच्या बाहेर.
सापडली ती कोपरखैरण्याच्या पंपघरामागे,
पालथ्या बादलीवर बसून बोंबील भाजताना:
चांगो केणी, चावीवाला, वय अठ्ठावन्नाला टेकलेलं.

"फोन बंद होते ना?"
"सायकल होती."
सायकलवरून उपकेंद्र. उपकेंद्रात इरफान मुकादम,
हातात बॅटरी, अंगात बनियन.
किती वेळ? सकाळ होईल.
एवढंच बोलणं.
मग परतून तीन व्हॉल्व्ह बंद केले,
त्यातला एक स्वतःच्या गावठाणाचा,
म्हणजे टाकीत होतं तेवढं
किडनीवाल्यांना पुरावं.
"हुकूम कुणाचा होता?"
"हुकूम नंतर आला. मेमो म्हणतात त्याला."
बायकोनं दोन दिवस कालवणात मीठ घातलं नाही,
तेही त्यानं सांगितलं, बोंबील उलटता उलटता.

मी नकाशावर एक तुटक रेघ काढली.
सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"ही कसली?"
"सायकल."
"वाहनक्षमता?"
"एक माणूस."
"आणि निकामी होण्याची संभाव्यता?"
एकतीस मार्च, मी म्हटलं. निवृत्त होतोय.
त्याच्या जागी पडदा येणार आहे,
पडद्यावर व्हॉल्व्ह हिरवा नाहीतर लाल दिसेल.
पडदा झोपत नाही, हेही खरं.
पडदा विजेवर चालतो, हेही.
सर बराच वेळ रेघेकडे बघत राहिले.
मग म्हणाले, तळटीप दे.

काल पहाटे पुन्हा गेले.
सहज विचारलं, काका, सगळीकडून तुटतं
तरी पडत नाही, त्याला तुमच्यात काय म्हणतात?
त्यानं दाढी खाजवली.
"काय म्हनायचं? तग. तग धरतंय."
दोन अक्षरं.
चार वर्षांची शिष्यवृत्ती.

मग पुरुषभर उंचीची लोखंडी चावी
त्यानं खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवली
आणि वरचं टोक माझ्या कानाशी धरलं.
"ऐक."
मी ऐकलं. स्वतःचंच रक्त, धाडधाड.
दूर ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखादा ट्रक.
"नाय ना येत? थांब जरा.
पाच चाळीसला येतंय."

मी उभी राहिले, कानाला गार लोखंड लावून.
पाच सदतीस.